आणि कोण कोण होतं?

डॉक्टर एलियास रुग्णाच्या छातीला नळी लावण्याआधी दोन प्रश्न विचारायचे. पहिला साधाच असे, "घरी कोण कोण आहे?" दुसरा मात्र मी आजवर दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरच्या तोंडून ऐकलेला नाही. पहिल्याचं उत्तर संपलं की ते केसपेपर उलटा करायचे, पेन्सिल घ्यायचे आणि म्हणायचे, "आणि कोण कोण होतं?"

माणसं गोंधळायची. मुकुटबनकडच्या एका आजीबाईंनी तर त्यांना सुनावलंच, "अरे बावा, माहे गुडघे दुखून राह्यले. तू मेलेल्यायले कायले तपासतं?"

डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "आजी, हे गुडघे कोणाचे? मायचे का बापाचे?"

आजीबाई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "मायचेच असतीन. तेबी अशीच उठता-बसता बोंबलायची."

"मंग सांग न मायचं."

पुढची दहा मिनिटं आजीबाई आईबद्दल बोलत राहिल्या आणि डॉक्टर कागदाच्या पाठीवर झाड काढत राहिले. बाईसाठी वर्तुळ, पुरुषासाठी चौकोन, गेलेल्या माणसावर एक तिरपी रेघ. बाहेर रांग खोळंबलेली असायची. आमचे कंपाउंडर वसीमभाई दारातून डोकं घालून म्हणायचे, "साहेब, जिंदा लोगों का भी नंबर लगाओ." डॉक्टर हात वर करून त्यांना थांबवायचे. "रोग त्यांच्याकडूनच येतो," ते मला म्हणायचे, "आणि पुष्कळदा औषधही."

हे डॉक्टर मेक्सिको देशाचे. आमच्या भागात कोलाम, गोंड आणि इतरही समाजांत सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार पिढ्यान् पिढ्या चालत येतो. त्या कामासाठी एका छोट्या संस्थेनं त्यांना आमच्या दवाखान्यात सल्लागार म्हणून बोलावलं होतं. दोन वर्षांसाठी आले आणि सात वर्षं राहिले. इथं स्वतःच्या सहीनं औषध लिहायची त्यांना परवानगी नव्हती, म्हणून चिठ्ठीवर दवाखान्याच्या प्रमुख डॉक्टर, आमच्या मोठ्या मॅडम, यांची सही असायची. त्याचं त्यांना काही वाटत नसे. "सही मॅडमची, शिव्या माझ्या," असं म्हणायचे.

मी त्या दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. केळापूरच्या पुढे आमचा तांडा आहे. आम्ही बंजारा, घरी गोरबोली बोलतो. तांड्यातली पहिली पदवीधर मी. मुलाखतीला गेले तेव्हा अंगावर मावसबहिणीचा ड्रेस होता आणि इंग्रजीची इतकी धास्ती होती, की बसमध्ये एकच वाक्य घोकत गेले होते. डॉक्टरांनी मला ते वाक्य बोलूच दिलं नाही. त्यांनी विचारलं, "घरात तुझ्याआधी कोण शिकलं?"

मी मान खाली घालून म्हणाले, "कोणीच नाही."

"मग तुला कोणी शिकवलं?"

"याडीनं कापूस वेचला," मी म्हणाले. याडी म्हणजे आई.

त्यांनी माझा अर्ज ओढून घेतला. शिक्षणाच्या रकान्यात मी 'बी.एस्सी.' लिहिलं होतं. त्याच्या खाली त्यांनी पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. पुढे कधीतरी तो कागद माझ्या हाती आला तेव्हा कळलं, की त्यांनी लिहिलं होतं, 'आईने कापूस वेचला'. तो अर्ज मी अजून जपून ठेवला आहे.

आम्हा दोघांचंही इंग्रजी उसनं होतं. त्यामुळे आमचं छान जमलं. कुणी कुणाच्या चुका काढायच्या हा प्रश्नच नव्हता. मराठी मात्र ते रुग्णांकडून शिकले, म्हणजे थेट वऱ्हाडीच शिकले. सहा फूट उंचीचा, पांढऱ्या मिशांचा तो परदेशी माणूस कमरेवर हात ठेवून "गोया काहून नाई खाल्ल्या? मले लय राग येऊन राह्यला हां!" असं ओरडला, की वॉर्डातले रुग्ण तोंडावर हात धरून हसायचे. पण गोळ्या खायचे.

त्यांच्या धर्माचा उलगडा कुणालाच झाला नाही. नावावरून लोक त्यांना आधी मुसलमान समजले. मग शर्टाच्या आत चांदीचा छोटा क्रूस दिसला. आणि विचारलं तर ते म्हणत, "मी देव मानत नाही." वसीमभाईंनी एकदा वैतागून विचारलं, "साहेब, फिर ये गले में किसका है?"

"आईचं," डॉक्टर म्हणाले. "मी देवाला मानत नाही, पण माझी आई मानते. त्यामुळे आमच्या घराचं आणि देवाचं येणं-जाणं आहे. तोडायचं कसं?"

जेवायला आम्ही सगळे मागच्या ओट्यावर बसायचो. ते आमच्या डब्यातल्या ठेच्याला हात लावताना म्हणायचे, "मिरची आमच्याकडून आली तुमच्याकडे. मका, पेरू, टमाटेही. आणि झेंडूसुद्धा." वसीमभाई म्हणायचे, "सब आपका था, तो हमारे पास क्या था साहेब?" डॉक्टर म्हणायचे, "भूक!" आणि दुसरी भाकर उचलायचे.

माझ्या आयुष्यातली मोठी गोष्ट घडली ती त्यांच्या चौथ्या वर्षी. कापूस वेचणीला नुकतीच सुरुवात झाली होती. माझे वडील, आम्ही त्यांना बापू म्हणतो, शेतात एकाएकी कोसळले. क्षणभर शुद्ध हरपली, मग आपले आपण उठून बसले. ऊन लागलं असेल म्हणत होते, पण याडीनं ऐकलं नाही. माझ्या भावाच्या मोटारसायकलवर मधे बसवून त्यांना दवाखान्यात आणलं.

डॉक्टरांनी हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. पट्टीत थोडा फरक होता. मग त्यांनी कागद उलटा केला. बापू परक्या माणसासमोर मराठी बोलायला लाजतात. ते गोरबोलीत बोलले आणि मी सांगत गेले. आई दम्यानं गेली. वडील म्हातारपणानं गेले. एक मोठा भाऊ आहे, धडधाकट आहे.

"बहीण?" डॉक्टरांनी विचारलं.

बापू जरा थांबले. मग म्हणाले, "छेनी." म्हणजे, नाही.

मी म्हणाले, "बहीण नाही."

हे खोटं होतं, आणि ते मला माहीत होतं. बापूंना एक धाकटी बहीण होती, हिरा. वेचणीच्या कामावर तिची एका कोलाम मुलाशी ओळख झाली आणि तिनं त्याच्याशी लग्न केलं. ती त्याच्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर राहायला गेली. तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव घेणं बंद झालं. मी बारा वर्षांची असताना ती वारली. पाण्याचा हंडा घेऊन येता येता पडली आणि उठलीच नाही. वय बत्तीस. पोडावरचे लोक म्हणाले, वारं लागलं. बापू गेले नाहीत. याडी पांढरकवड्याच्या बाजाराला जाते म्हणून गेली आणि तिला माती देऊन आली. पिशवीत दाखवायला म्हणून पाव किलो कांदे आणले होते. ते कांदे मला आठवतात.

मी शिकत होते, नोकरी करत होते, एकटी बसनं ये-जा करत होते. हिराच्या नावावर फिरलेला बोळा माझ्याही नावावर फिरू शकतो, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणून त्या दिवशी मीही बापूंच्या मागोमाग 'नाही' म्हणाले.

डॉक्टरांनी बापूंना सलाईन लावली, रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या आणि संध्याकाळी घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी माझं कामात लक्ष लागेना. सिकलसेलची चाचणी सोपी असते, पण मी तीच नळी तीन वेळा पाहिली. शेवटी उठले आणि डॉक्टरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगून टाकलं. हंडा, पोड, बत्तीस वय.

डॉक्टरांनी कपाटातून बापूंचा केसपेपर काढला आणि उलटा करून माझ्यासमोर ठेवला. झाडात आजा होता, आजी होती, काका होते. आणि बापूंच्या चौकोनाशेजारी पेन्सिलीनं काढलेलं एक रिकामं वर्तुळ होतं.

"तुझे वडील उत्तर द्यायच्या आधी थांबले," ते म्हणाले. "आणि तू मला सांगताना जमिनीकडे पाहिलंस. कोणीतरी आहे एवढं कळलं. ती अशी गेली हे मात्र नाही कळलं. मी कालच पुन्हा विचारायला हवं होतं. चूक माझी आहे." मग लगेच फोन उचलत म्हणाले, "तरुण बहीण चालता चालता गेली, आता भाऊ कोसळला. हे ऊन नाही. उद्याच नागपूर."

फोन झाल्यावर मी म्हणाले, "डॉक्टर, मी खोटं बोलले. तुमच्याशी. दवाखान्यात."

त्यांनी मला बसायला सांगितलं, आणि आपल्या घराची गोष्ट सांगितली. ती मी माझ्या शब्दांत लिहिते.

त्यांच्या देशात पूर्वी एकदा सरकार आणि धर्म यांच्यात लढाई पेटली. सरकारनं देवळांवर, म्हणजे चर्चवर, निर्बंध घातले. पाद्र्यांनी पूजा बंद ठेवली. खेड्यातले भाविक शेतकरी देवाच्या नावानं बंदुका घेऊन उठले. डॉक्टरांच्या वडिलांचे आजोबा त्या काळात खेड्यातल्या सरकारी शाळेत मास्तर होते. देवाची शाळा बंद करून सरकारची शाळा चालवतो म्हणून एका संध्याकाळी काही माणसं आली, त्यांनी मास्तरला शाळेबाहेर ओढलं आणि त्याचे कान कापले. मास्तर जगला. पुढे आयुष्यभर डोक्याला फडकं बांधून शिकवत राहिला. आणि डॉक्टरांच्या आईचे आजोबा? ते देवाच्या बाजूनं उठलेल्यांपैकी होते. त्याच डोंगराच्या पलीकडच्या गावचे. त्या संध्याकाळी ते त्या माणसांत होते की नव्हते, हे कुणी कधी कबूल केलं नाही आणि कुणी नाकारलंही नाही.

"कॉलेजात मी सगळ्यांना कान कापलेल्याची गोष्ट सांगायचो," डॉक्टर म्हणाले. "मित्र माझ्याकडे आदरानं पाहायचे. कापणाऱ्याची गोष्ट मी कधी सांगितली नाही. कुणी विचारलं, आईकडचे कोण? मी म्हणायचो, शेतकरी होते, विशेष काही नाही. खोटं बोललीस म्हणतेस ना? मी वीस वर्षं बोललो."

"मग?"

"आमच्याकडे नोव्हेंबरात मेलेल्यांचा सण असतो. घरात पाट मांडतात, फोटो ठेवतात, झेंडू, पाणी, मीठ, त्यांच्या आवडीचं जेवण. त्या पाटावर मास्तरचा फोटो नेहमी असायचा. दुसऱ्याचा नाही. एका वर्षी माझ्या आईनं दुसराही आणून ठेवला, शेजारी. वडील जेवायला आले, त्यांनी पाहिलं. वडिलांनी मिठाची वाटी उचलली आणि दोन फोटोंच्या मधे ठेवली. एवढंच. मग जेवायला बसले. आमच्या देशाचा इतिहास असाच आहे. जिंकायला आलेले स्पॅनिश आणि हरलेले मूळचे लोक, दोघांची आम्ही नातवंडं. शाळेत विचारतात तुम्ही कोणाच्या बाजूचे? तू रोज सुईनं रक्त काढतेस. काचेखाली कधी दिसलं, कोण कोणाच्या बाजूचं होतं ते?"

मी पेन घेतलं आणि म्हणाले, "या वर्तुळात नाव लिहू?"

"नको," ते म्हणाले. "रोगापुरतं मला कळलं. नाव तुझे वडील सांगतील तेव्हा लिहू."

नागपूरला निदान झालं. हृदयाचा स्नायू जाड झाला होता. घराण्यात चालत येणारा आजार. गोळ्या सुरू झाल्या, जड काम बंद झालं. माझी आणि माझ्या भावाची तपासणी झाली, आम्ही सध्या ठीक आहोत. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. पण डॉक्टरांना हे कशामुळे कळलं ते मला घरी बापूंना सांगावंच लागलं होतं. गोरबोलीत त्यांचं एकच वाक्य होतं, मराठीत ते असं, "तू माहं घर दवाखान्यात उघडं केलं." नागपूरच्या बसमध्ये ते माझ्या पुढच्या सीटवर बसले आणि सबंध रस्ता त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

अबोला चालू असतानाच दिवाळी आली. आमच्यात दिवाळीच्या अमावस्येनंतरच्या सकाळी धबुकार करतात. विस्तवावर लापशी आणि तूप सोडायचं, घराण्यातल्या एकेका गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि भोवती पाणी फिरवायचं. याडीनं डॉक्टरांना बोलावणं धाडलं. ते बसनं आले, हातात झेंडूची फुलं आणि कागदाच्या पुडीत मीठ. मीठ पाहून बापूंचा चेहरा थोडा बदलला. पूर्वी आमचे लोक बैलांवर लादून देशभर मीठ वाहायचे. बापूंनी ती पुडी दोन्ही हातांनी घेतली.

नावं घेऊन झाली. आजा, पणजा, आजी. हिराचं नाव आलं नाही. लेकीचं नाव सासरच्या चुलीत, असं म्हणायची सोय आहे. पण पोडावर धबुकार होत नाही, म्हणजे ती कुठल्याच चुलीत नव्हती. याडी विस्तवाकडे बघत राहिली.

मग डॉक्टरांनी आपल्या वऱ्हाडीत विचारलं, "मी बी दोन नावं घेऊ काय?"

बापूंनी चमचा त्यांच्या हाती दिला. डॉक्टरांनी तूप सोडलं, एक परदेशी नाव घेतलं. पुन्हा सोडलं, दुसरं नाव घेतलं.

"कोण होते?" बापूंनी विचारलं. त्या दिवशी ते पहिल्यांदाच परक्याशी मराठीत बोलत होते.

"एक, ज्याचे कान कापले तो. दुसरा, ज्यानं कापले तो. कदाचित."

"दोघायले एकाच विस्तवात?"

"आमच्या घरी एकच चूल आहे," डॉक्टर म्हणाले.

बापूंनी चमचा परत घेतला. डॉक्टरांनी विषय तिथंच सोडला, लापशी दोनदा मागून खाल्ली. मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेले तेव्हा मला राग आला होता. मी म्हणाले, "तुम्ही समजावायला हवं होतं. तुमचं ऐकलं असतं."

"मी डॉक्टर आहे, तुमच्या तांड्याचे तंटे सोडवणारा नायक नाही," ते म्हणाले. "आणि आमच्या घरी दुसरा फोटो पाटावर यायला किती वर्षं लागली ते विचार. माझं लग्न झालेलं होतं तोवर."

त्यानंतर बापू माझ्याशी बोलायला लागले, इतकं खरं. दर महिन्याला गोळ्या न्यायला यायचे तेव्हा रांगेत न बसता डॉक्टरांच्या दारात उभे राहायचे. डॉक्टर आतून ओरडायचे, "बापू, जेवले काय?" बापू म्हणायचे, "हाव." दोघांचं संभाषण एवढंच, पण कधी चुकलं नाही.

सातव्या वर्षी डॉक्टरांच्या आईची तब्येत बिघडली आणि ते परत गेले. जाताना मला आपला जुना मायक्रोस्कोप देऊन गेले. वॉर्डातल्या बायकांनी त्यांना साडी दिली, आईसाठी. मधूनमधून व्हिडिओ कॉल यायचा. आई गेल्याचंही त्यांनीच सांगितलं, आणि मागे पाटावर ती साडी घडी घालून ठेवलेली दाखवली.

गेल्या पावसाळ्यात मोठ्या मॅडमनी मला बोलावून सांगितलं, की डॉक्टर एलियास वारले. पोटाचा आजार होता. त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. मी घरी सांगितलं तेव्हा बापू गोठ्यात होते. त्यांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

या दिवाळीला धबुकार झाला. आजा, पणजा, आजी. मग बापूंनी पुन्हा चमचा भरला आणि म्हणाले, "दागदर एलियास." विस्तव भडकला. काका म्हणाले, "अरे, तो कोण आपला?"

उत्तर दिलं याडीनं, आणि तेही विस्तवाकडे बघत. "सातासमुद्रापल्याडच्याचं नाव चाललं. मंग एका मायच्या पोटचीचं काहून चालत नाई?"

माझी नजर बापूंच्या हाताकडे होती. चमचा लापशीत बुडाला, बाहेर आला, विस्तवावर थांबला. तुपाचा एक थेंब आधीच खाली पडला आणि चुरचुरला.

"हिरकी," बापू म्हणाले. लहानपणी तिला तसं म्हणत असावेत. मी ते नाव पहिल्यांदाच ऐकत होते.

याडीनं तांब्या उचलून भोवती पाणी फिरवलं. पाण्याचा गोल वाकडातिकडा झाला. काका उठून गेले नाहीत.

दुपारी बापू माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "तुह्या दवाखान्यात माहा तो कागद असन न? त्याच्यात एक जागा सुटली होती."

"तुम्हाला कसं माहीत?"

"त्यानं काढलतं तवा मी पाह्यलं. मले लिहिता येत नाई, पण गोल दिसते." ते उठून उभे राहिले. "लिहून टाक."

सुट्टी संपल्यावर कामावर गेले, कपाटातून तो केसपेपर काढला आणि उलटा केला. पेन्सिलीचं वर्तुळ पुसट झालं होतं, पण होतं. त्यात मी नाव लिहिलं, आणि गेलेल्यांची असते ती तिरपी रेघ ओढली. मग दार उघडून रांगेतल्या पहिल्या बाईंना आत घेतलं. रक्त काढायच्या आधी त्यांना विचारलं, घरी कोण कोण आहे? त्यांनी सांगितलं. मी त्यांचा कागद उलटा केला.